चौदा नंबरच्या दोन फेऱ्या

मोठ्या सरांच्या खोलीत येणाऱ्यासाठी खुर्ची नव्हती. पूर्वी दोन होत्या म्हणे. सर्जरीच्या शिकाऊ डॉक्टरांचे प्रमुख झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सरांनी त्या उचलून मीटिंगच्या खोलीत पाठवल्या. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला बसायला दिलं की तो आधी पाणी मागतो, मग रडतो आणि मग रजा मागतो. उभा माणूस चार मिनिटांत मुद्द्यावर येतो. म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'चार मिनिटं'च म्हणत. "चार मिनिटांनी बोलावलंय," असं कुणी येऊन सांगितलं की भलेभले आधी बाथरूम गाठायचे.

तिसऱ्या वर्षाची ही शिकाऊ डॉक्टर मात्र आज सरळ आली होती. ती सेक्रेटरीबाईंच्या टेबलाशी उभी होती, हातात पारदर्शक फाइल, फाइलमध्ये एकच पान. सदर डॉक्टर तीन वर्षं पूर्ण करून सर्जरी सोडत आहेत आणि विभागाची त्याला हरकत नाही, असं पानावर छापलं होतं, आणि खाली सहीची जागा मोकळी होती. ही सही आज चारच्या आत मिळाली तर खालच्या मजल्यावर पॅथॉलॉजीत तिच्यासाठी एक जागा होती. नाही मिळाली तर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला मिळणार होती आणि तिला उरलेली दोन वर्षं इथेच काढायची होती.

"किती वेळ लिहू?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "चारच लिहिते. पाच लिहिलं की चिडतात."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. सरांचं ऑपरेशन लांबलं होतं. दुसरी कुणी असती तर एव्हाना तिनं नखं कुरतडून संपवली असती. ही मात्र सेक्रेटरीबाईंच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत शांत उभी होती, आणि ही शांतता कौतुकाची नव्हती. गेले सात-आठ महिने तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. भूक लागली तर वेळ झाली म्हणून कळायचं. सिनियर ओरडले तर आवाज मोठा झाला एवढंच कळायचं. विभागात सगळे तिची पाठ थोपटायचे, पोरगी बर्फासारखी थंड आहे म्हणून, आणि पुढच्या वर्षी मुख्य रेसिडेंट हीच होणार हे ठरल्यात जमा होतं.

आईला तिनं परवाच फोनवर सांगितलं होतं. पॅथॉलॉजी म्हणजे काय हे समजावण्यातच निम्मा वेळ गेला.

"म्हणजे तू पेशंट बघणार नाहीस?"

"पेशंटमधून काढलेला तुकडा बघणार. सूक्ष्मदर्शकाखाली. आजार कोणता ते सांगणार."

"शी," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "आत्ता कुठे मला लोकांना सर्जन सर्जन म्हणून सांगायला जमायला लागलं होतं, तर तू निघालीस तुकडे बघायला." यावर दोघी हसल्या. म्हणजे आई हसली आणि हिनं हसल्याचा आवाज काढला. आईला फरक कळला असावा, कारण ती एकदम म्हणाली, "जेवतेस ना गं वेळेवर?"

कारण काय, हे आईनं विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर वॉर्डात नोंदी कशा लिहितात इथपासून सुरुवात करावी लागली असती.

रोज सकाळी सातच्या आत बत्तीस पेशंटांच्या बत्तीस नोंदी लिहून व्हाव्या लागत. सात वाजता राउंड. बत्तीस माणसांना खरंच तपासून, खरंच लिहायचं तर पहाटे तीनला उठायला हवं. म्हणून कॉम्प्युटरमध्ये एक सोय होती: 'कालची नोंद आणा' असं बटण. ते दाबलं की कालचा मजकूर जसाच्या तसा येई. त्यात बदललं असेल तेवढं बदलायचं. कुणी बदलत असे, कुणी नसे. पेशंटांना नावं होती, पण ती फायलीवर. तोंडी सगळे नंबरच. अकराचं पोट फुगलंय, वीसला घरी सोडा.

चौदा नंबरला आतड्याच्या गाठीचं ऑपरेशन झालेले एक काका होते. मंगळवारी ते चालले. तिनं नोंद केली: 'पोट मऊ. ताप नाही. जेवण सुरू. कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारल्या.' बुधवारी सकाळी तीच नोंद उचलून ठेवली. बुधवारी संध्याकाळी पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली आणि वीस मिनिटांत सगळं आटोपलं. छाती दाबणारी तीच होती, वेळ जाहीर करणारी तीच, बाहेर बाकावर बसलेल्या मुलीला सांगणारी तीच आणि मृत्यूचा दाखला लिहिणारीही तीच. कागद पुढे सरकायला वेळ लागला आणि गुरुवारी सकाळी नाव अजून यादीतच होतं. तिनं बटण दाबलं. चौदा नंबर गुरुवारी सकाळीही मऊ पोटानं जेवले आणि कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारून आले.

कुणाच्याही लक्षात आलं नाही. तीन आठवड्यांनी त्यांची मुलगी फायलीची प्रत घ्यायला आली, रेकॉर्डच्या खिडकीशी उभ्या उभ्या तिनं ती वाचली आणि जिना चढून वर आली. चाळिशीची बाई, गळ्यात किल्ल्यांची माळ, ड्रायव्हिंग शिकवायची म्हणे. पानावर बोट ठेवून तिनं विचारलं, "बाबा बुधवारी गेले. इथे गुरुवारी सकाळी चालले असं लिहिलंय. मग... कुठलं बरोबर?"

आणि हे विचारताना तिच्या चेहऱ्यावर किंचित आशा होती. मोठ्या बाईच्या चेहऱ्यावर इतकी वेडी आशा ज्यानं कुणी पाहिली असती त्याचं काळीज हललं असतं. ही मात्र म्हणाली, "टायपिंगची चूक आहे," आणि राउंडला गेली. दुपारी कॅन्टीनमध्ये पूर्ण जेवली. हात धुताना तिला आठवलं की आपण त्या बाईला साधं 'माफ करा'ही म्हटलं नाही, आणि ते आठवूनही आत काहीच झालं नाही. दातासाठी भूल दिल्यावर माणूस स्वतःचा गाल चावतो आणि त्याला रक्त दिसल्यावरच कळतं, तसं तिला त्या दिवशी कळलं. त्याच संध्याकाळी तिनं खालच्या मजल्यावर जाऊन जागेची चौकशी केली.

तीन सतराला सर आले. कपाळावर टोपीच्या नाडीचा वळ, हात कोपरापर्यंत ओले. तिच्याकडे न बघताच म्हणाले, "ये."

खोली लहान होती. एक टेबल, त्यामागे एकुलती एक खुर्ची, एक कपाट. टेबलावर प्लास्टिकचं यकृत होतं. त्याचं पित्ताशय कधीच हरवलं होतं आणि त्या खळग्यात सर टाचण्या ठेवत. सर बसले.

"बोल."

"सर, मला सर्जरी सोडायची आहे."

"किती दिवस?"

"कायमची."

सरांनी एक टाचणी उचलली आणि परत खळग्यात टाकली. "दहा दिवस रजा घे. झोप. मी कुणालातरी लावतो तुझ्या जागी."

"पॅथॉलॉजीत जागा आहे, सर. तुमची सही लागते. आज चारपर्यंत."

"पॅथॉलॉजी!" सर म्हणाले. "माझ्या हाताखाली गेल्या दहा वर्षांत तुझ्याइतका स्वच्छ हात आला नाही. तो हात घेऊन तू काचपट्ट्या पुसणार? कारण काय?"

तिनं कारणं पाठ करून आणली होती. संशोधनाची आवड, निदानशास्त्रातली वाढती संधी, असं काही. तिनं ती म्हणून दाखवली. सर ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "हे अर्जात लिही. मला खरं सांग."

मग तिनं चौदा नंबरचं सांगितलं. सगळं, क्रमानं, केस मांडावी तसं. मुलीनं काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं आणि नंतर काय जेवलो, तेही. सांगताना आवाज एकदाही हलला नाही आणि तो हलत नाहीये याची नोंद तिनं स्वतःच घेतली.

"बरं, मग?" सर म्हणाले. त्यांचा सूर जरा सैल झाला होता. "चुकीची नोंद गेली. दुरुस्ती टाकून मोकळी हो. एवढ्यासाठी कुणी तीन वर्षांवर पाणी सोडतं का?"

"टाकली, सर. मुलगी येऊन गेली त्याच दिवशी."

"मग झालं तर."

"दोन्हींवर तुमची मंजुरी आहे, सर."

 सरांनी कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला. पासवर्ड चुकला, पुन्हा टाकला. तिनं नंबर आणि तारीख सांगितली. सरांच्या चष्म्यात पान वर सरकताना दिसलं आणि थांबलं.

रेसिडेंटांच्या नोंदींना दुपारी सरांची मंजुरी लागे. त्यांच्यासाठीही सोय होती: 'सर्व मंजूर'. एका बटणात बत्तीस. मंजुरीसोबत प्रत्येक नोंदीखाली एक ठरलेलं वाक्य आपोआप उमटायचं. सरांनी ते मोठ्यानं वाचलं, जणू दुसऱ्या कुणाचं पत्र वाचताहेत. "'रुग्णाला मी स्वतः तपासले असून वरील नोंदीशी सहमत आहे.' गुरुवार, दुपारी दोन दहा." त्यांनी पुढचं पान काढलं. तिथे तिची दुरुस्ती होती: 'रुग्णाचा मृत्यू आदल्या संध्याकाळी झाला असल्याने वरील नोंद रद्द समजावी.' त्याखाली तेच वाक्य होतं. मरून तीन आठवडे झालेल्या माणसाला सरांनी पुन्हा एकदा स्वतः तपासलं होतं आणि ते सहमत होते.

कुणाला हसू आलं असतं. त्या खोलीत दोघांनाही आलं नाही.

"सर, एक विचारू? हे जातं का?"

"काय?"

"हे काही न वाटणं."

सरांनी चष्मा काढला. चार मिनिटं तर केव्हाच होऊन गेली होती. "नाही," ते म्हणाले. "त्याचंही काही वाटेनासं होतं."

मग अचानक, एखाद्या गोष्टीचा राग यावा तसे ते ताठ बसले. "त्या बाईचा नंबर असेल ना फायलीत? सही माझी आहे. मीच सांगतो तिला." तिनं नको म्हणायच्या आत त्यांनी चष्मा डोळ्यांपुढे धरून फायलीतला नंबर दाबलाही होता आणि स्पीकर लावला होता.

"क्लच! क्लच दाबा!" फोनमधून आवाज आला. "हां, हॅलो, कोण?"

"मी हॉस्पिटलमधून बोलतोय. सर्जरीचा प्रमुख. आपले वडील आमच्याकडे होते, आपले वडील... म्हणजे चौदा..." सर थांबले. सरांनी त्या माणसाचं पोट साडेचार तास उघडून ठेवलं होतं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, पण चष्मा हातात होता.

"एक मिनिट," बाई म्हणाली. "गाडी बाजूला घ्या. आधी आरशात बघा. आता इंडिकेटर. हां, घ्या. बंद करा." एक दार उघडून बंद झाल्याचा आवाज आला. "बोला."

ती टेबलाजवळ सरकली आणि तिनं त्या काकांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ते आपल्याला पाठ आहे हे तिला स्वतःला माहीत नव्हतं. "तुम्ही फाइल घेऊन आला होतात तेव्हा भेटलेली डॉक्टर मी. मी तुम्हाला टायपिंगची चूक म्हणाले. ती टायपिंगची चूक नव्हती. मी न बघता कालचीच नोंद ठेवून दिली. ते गेलेत हे मला माहीत होतं, मीच तुम्हाला सांगितलं होतं, तरी ठेवली. चूक माझी आहे. माफ करा."

"माझीही," सर म्हणाले, पण फोनपासून लांबून.

पलीकडे रस्त्याचा आवाज येत राहिला. मग बाई म्हणाली, "मला कळत नव्हतं का हो ते? हात लावून बघितलं होतं मी त्यांना, गार पडले होते. वाचल्यावर मिनिटभर आलं वेडं काहीतरी मनात, ते सोडा. मी चूक काढायला नव्हते आले वर. मला एवढंच विचारायचं होतं, की बाबा चालले होते का कधी? मंगळवारी मला दोन क्लास होते, मी आलेच नाही. आणि तुम्ही टायपिंग म्हणालात. मग घरी जाताना मला वाटलं, सगळंच टायपिंग असेल. जेवले ते पण, चालले ते पण."

तिनं टेबलाची कड धरली. "चालले होते," ती म्हणाली. "मंगळवारी खरंच चालले होते. दोन फेऱ्या. पहिली नर्सबरोबर. दुसरीला मी होते, सलाइनचा स्टँड ढकलायला." आणि बोलता बोलता तिला ते दिसलं. ते कुठे ठेवलेलं होतं कोण जाणे. "लिफ्टपाशी कॉरिडॉर वळतो ना, तिथे त्यांनी हात बाहेर काढला. असा लांब. मी विचारलं, काका, काय करताय? तर म्हणाले, वळतोय ना, मग हात नको दाखवायला? मुलगी बघत असली तर ओरडेल."

 सरांनी लाइन तुटली का म्हणून फोनकडे पाहिलं.

"गाडी शिकवताना सात वेळा नापास केलं मी त्यांना," बाई म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "सात वेळा. प्रत्येक वेळी वळून झाल्यावर हात काढायचे. कुठला हात काढला?"

"उजवा."

"उजवीकडेच वळायचं होतं?"

"हो."

"वळायच्या आधी काढला की नंतर?"

"आधी," ती म्हणाली. "बराच आधी. नर्सच्या टेबलापासूनच."

"मग पास," बाई म्हणाली. नंतर बराच वेळ त्या टोकाला फक्त नाक ओढल्याचा आवाज येत होता. "ठेवते हं. गाडीत विद्यार्थिनी बसलीये माझी, घाबरली असेल." आणि फोन बंद झाला.

तिच्या गालावरून काहीतरी ओघळलं. ते काय आहे हे ओळखायला तिला दोन-तीन क्षण लागले, मग डोळ्यांतून पाणी वाहतच राहिलं आणि ते थांबवावं असं तिला वाटलं नाही. दुखत होतं, आणि दुखतंय याचा तिला इतका आनंद झाला की तिथेच बसावंसं वाटलं. या खोलीत बसायला काही नव्हतं. तिनं कपाटाला पाठ टेकली.

सर उठले. टेबलाला वळसा घालून त्यांनी आपली खुर्ची ओढत आणली आणि तिच्यापाशी ठेवली. "बस." ती बसली. सर टेबलाला टेकून उभे राहिले.

"बघ," ते म्हणाले, "आहे ना शाबूत सगळं? मग आता कशाला जातेस? राहा. अशी माणसं हवीत इथे."

"म्हणूनच जाते, सर," ती म्हणाली. "उद्या सकाळी पुन्हा बत्तीस आहेत. सातच्या आत. परवा पुन्हा. हे आज कसंबसं वर आलंय, इथे राहिले तर ते मरेल. दुसऱ्यांदा येणार नाही."

सरांनी वाद घातला नाही. त्यांनी फाइलमधून पान काढलं, चष्मा लावला आणि पान वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, ओठ हलवत. तीन वर्षांत तिनं त्यांना सही करण्याआधी काही वाचताना पाहिलं नव्हतं. मग उभ्यानंच, टेबलावर वाकून, त्यांनी सही केली आणि तारीख घातली.

"मला त्याचा चेहरा आठवत नाहीये," ते म्हणाले. अजून कागदाकडेच बघत होते. "किती प्रयत्न करतोय मघापासून. पोट आठवतं. गाठ आठवते, कुठे होती, कशी सोडवली. चेहरा नाही. कसा होता तो?"

घड्याळात पावणेचार झाले होते. खालच्या मजल्यावर जायला लिफ्ट मिळाली तर तीन मिनिटं, नाही मिळाली तर पाच. बाहेर सेक्रेटरीबाईंनी दारावर टकटक केली. चारची कुणीतरी दुसरी अपॉइंटमेंट येऊन थांबली होती.

"तुला उशीर होईल," सर म्हणाले. "जा तू."

तिनं कागद घडी न करता फाइलमध्ये सरकवला, फाइल मांडीवर ठेवली आणि सरांच्या खुर्चीत नीट मागे टेकून बसली. "चार मिनिटं आहेत, सर," ती म्हणाली, आणि तिनं सांगायला सुरुवात केली, त्यांच्या नावापासून.